‘रामशास्त्री’चा न्याय आणि चवदार तळ्याचा दावा

जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटांचा संग्रह करणाऱ्यांमध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ला (१९४४) मानाचे पान आहे. पेशवाईतल्या एका निःस्पृह न्यायाधीशाची ही गोष्ट. सत्तेवर बसलेल्या माणसाला खुनी ठरवून त्याला देहान्ताचे प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश मराठी मनाला आवडतो. त्यात गैर काही नाही आणि हा लेख त्या चित्रपटाच्या विरोधात लिहिलेला नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. न्यायाची जी गोष्ट आपल्या समाजाने रिळांत, पोस्टरांत आणि गाण्यांच्या पुस्तिकांत इतकी वर्षे जपून ठेवली, ती कोणाच्या न्यायाची गोष्ट आहे? आणि जी जपली नाही, ती कोणाची?

आंबेडकरी तरुणांनी या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. जे जपले जाते तेच पुढच्या पिढीला इतिहास म्हणून शिकवले जाते, आणि जे रद्दीत जाते ते घडलेच नव्हते असे सांगणारे लोक लगेच उभे राहतात.

चित्रपट आणि त्याचे संग्राहक

प्रभातची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे तिचे बोधचिन्ह आजही जुन्या माणसांना आठवते. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘माणूस’ (१९३९) यांसारखे चित्रपट देणाऱ्या या कंपनीतून व्ही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले. त्यानंतरच्या काळातला प्रभातचा गाजलेला चित्रपट म्हणजे ‘रामशास्त्री’. पटकथा शिवराम वाशीकरांची, रामशास्त्र्यांची भूमिका गजानन जागीरदारांची आणि दिग्दर्शनही त्यांचेच. आनंदीबाईच्या भूमिकेत ललिता पवार होत्या.

संग्राहकांना अशा चित्रपटाची ओढ का वाटते? पहिले कारण दुर्मिळता. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते आणि नीट न ठेवल्यास चिकट होऊन कुजते. कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या संयुगाचा थर असतो. ती चांदी काढून घेण्यासाठी देशातल्या कितीतरी जुन्या प्रती भंगारात विकल्या गेल्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली, म्हणून बरेच काही वाचले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या साठवणगृहाला आग लागली आणि नायट्रेटच्या कित्येक मूळ प्रती जळाल्या. त्यात प्रभातच्या चित्रपटांच्या प्रतीही होत्या. मूळ रीळ गेले की पोस्टर, चार पानांची गाण्यांची पुस्तिका, थिएटरबाहेर लावायचे फोटो, लाखेची तबकडी अशा वस्तूंना मोल येते. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात या वस्तू शोधत फिरणारी माणसे वेडी नसतात. कागद टिकला तर आठवण टिकते, हे त्यांना कळलेले असते.

दुसरे कारण अभिमानाचे आहे. ‘आमच्याकडेही असा न्याय होता’ हे सांगायला ‘रामशास्त्री’ उपयोगी पडतो. गुलामीच्या काळात, १९४४ साली, प्रेक्षकाला त्याची गरजही होती. पण आज, स्वतंत्र देशात आणि संविधानाच्या राज्यात, तो अभिमान तपासून घ्यायला हवा.

पडद्याबाहेरची पेशवाई

इतिहास असा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला. तो अठरा वर्षांचा होता. ‘ध चा मा’ ही म्हण या घटनेशी जोडलेली दंतकथा आहे. पण रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावाला दोषी धरले, देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचे त्याच्या तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही हकीकत ग्रँट डफच्या काळापासून सांगितली जाते. रामशास्त्र्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

मात्र त्या धैर्याची हद्द कुठे संपत होती, हे पाहावे लागेल. शास्त्रीबुवांसमोरचा खटला पेशव्याच्या घरातला होता. खून झालेला पेशवा, आरोपी पेशवा, न्यायाधीश ब्राह्मण आणि न्यायाचा आधार धर्मशास्त्र. त्याच पुण्यात अस्पृश्याला रस्त्यावरून कसे चालावे लागे हे बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये नोंदवले आहे. कमरेला झाडू, गळ्यात मडके आणि सावलीचाही विटाळ. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी पेशवे दफ्तरातल्या नोंदींवरून त्या काळातल्या राज्यसत्तेचा आणि जातिव्यवस्थेचा संबंध दाखवून दिला. त्यातली एक नोंद पंढरपूरची आहे. मंदिरासमोर चोखोबांच्या दगडापाशी अस्पृश्य भाविक जमतात, वाट अरुंद आहे, शिवाशिव होते, अशी तक्रार तिथल्या ब्राह्मणांनी १७८० च्या दशकात सरकारकडे केली. सरकारने अस्पृश्यांना मंदिराजवळ येण्यास मनाई करून दुरूनच दर्शन घ्यायला लावले.

हा हुकूम रामशास्त्र्यांनी काढला असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की ते १७८९ पर्यंत हयात होते आणि त्यांच्यासारखा सचोटीचा न्यायाधीश असूनही त्या राज्यात असा हुकूम कायदेशीर होता. चोखोबांच्या माणसांनी दाद मागितली असती, तर ज्या शास्त्राने पेशव्याला देहान्त सांगितला त्याच शास्त्राने त्यांना दाराबाहेर उभे केले असते. न्यायाधीश चोख होता म्हणून कायदा न्याय्य ठरत नाही. ‘रामशास्त्री’ पाहून डोळे भरून येणाऱ्या प्रेक्षकाला हा फरक कधी कोणी सांगितला नाही.

न्यायाधीशांवरचा खटला

हाच फरक दुसऱ्या एका कृष्णधवल चित्रपटाने जगापुढे मांडला. स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ १९६१ साली आला. रंगीत चित्रपटांचा जमाना सुरू झालेला असतानाही तो कृष्णधवल ठेवला होता. जगभरचे संग्राहक आजही तो जपतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात नाझी राजवटीच्या न्यायाधीशांवर आणि कायदा खात्यातल्या अधिकाऱ्यांवर १९४७ मध्ये खटला चालला होता. चित्रपट त्याच्यावर बेतलेला आहे.

आरोपीच्या पिंजऱ्यात चार न्यायाधीश. त्यांचा बचाव साधा आहे. आम्ही देशाचा कायदा राबवला, कायदा आम्ही केला नव्हता. तो कायदा कोणता? ज्यू आणि ‘आर्य’ यांच्यातला संबंध हा गुन्हा ठरवणारा, १९३५ चा. लिओ कात्सेनबर्गर नावाच्या वृद्ध ज्यू व्यापाऱ्याला अशाच आरोपावरून १९४२ मध्ये मृत्युदंड झाला होता. चित्रपटातला एक प्रसंग त्याच खटल्यावर आधारलेला आहे. शेवटी चौघेही दोषी ठरतात. अन्यायाचा कायदा कितीही नेमाने राबवला तरी राबवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असे चित्रपट सांगतो.

रक्ताचा आणि स्पर्शाचा कायदा म्हणजे काय, हे जर्मनीला बारा वर्षांत कळले. आपल्याकडे तो शेकडो वर्षे चालला. त्याच्यावर खटला कधी भरला गेला का? भरला गेला, पण उलट्या बाजूने. आपल्याकडे फिर्याद घेऊन कोर्टात गेले ते स्पृश्य, आणि प्रतिवादी होते बाबासाहेब.

नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर

महाडचा सत्याग्रह आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. त्याचा दावा मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर खुले झालेले ते तळे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी प्रत्यक्ष खुले केले. पुढचा सत्याग्रह डिसेंबरात ठरला. तो रोखण्यासाठी नरहरी दामोदर वैद्य आणि इतर स्पृश्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला.

आता पुढची घटना नीट पाहा. २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेत कोर्टाच्या हुकमाचा मान ठेवून तळ्यावर जाणे तहकूब करण्यात आले. जुन्या कायद्याचे पुस्तक जाळले आणि नव्या कोर्टाचा हुकूम पाळला. हा विरोधाभास नाही. जात पाळणारा कायदा नाकारायचा आणि माणसाला माणूस मानू शकेल अशा कायद्याच्या दारात उभे राहून लढायचे, हे बाबासाहेबांचे धोरण त्या तीन दिवसांत स्पष्ट दिसते.

लढा लांबला. महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी तिथेही हरले. मग उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी अपील फेटाळले. ओंजळभर पाण्यासाठी नऊ वर्षे तीन महिने.

एकच न्यायाधीश, दोन खटले

ब्रूमफील्ड हे नाव चित्रपट पाहणाऱ्यांना ओळखीचे वाटेल. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत राजद्रोहाच्या खटल्यात गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे जिल्हा न्यायाधीश हेच रॉबर्ट ब्रूमफील्ड. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) मध्ये ट्रेव्हर हॉवर्ड या मोठ्या नटाने ही भूमिका केली. आरोपी आत येताच न्यायाधीश उभा राहतो, तो प्रसंग जगभर पाहिला गेला.

दोन निकालांमध्ये पंधरा वर्षांना एक दिवस कमी एवढे अंतर आहे. न्यायाधीश तोच. पहिला खटला जगाच्या पडद्यावर गेला. दुसऱ्या खटल्यात या देशातल्या कोट्यवधी माणसांच्या पाण्याचा प्रश्न होता. त्याचे पोस्टर कुठल्या संग्राहकाकडे आहे? त्या अख्ख्या ‘गांधी’ चित्रपटात तर बाबासाहेबांचे पात्रच नाही. ही काही नजरचूक नव्हे. कोणाचा खटला ‘महान’ आणि कोणाचा ‘स्थानिक’, हे ठरवणारी नजर जातीने घडवलेली असते.

अपवादही आहे, तो नोंदवला पाहिजे. आचार्य अत्रे यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ हा कृष्णधवल चित्रपट काढला. त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब उपस्थित होते आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारात रौप्यपदक मिळाले. चित्रपटाचे सामर्थ्य बाबासाहेबांना कळत होते. आपल्या किती घरांत या चित्रपटाची पुस्तिका आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

निकाल कशावर लागला?

महाडच्या निकालाचा आपण जयजयकार करतो, पण तो वाचत नाही. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता अन्यायाची आहे असे म्हणून दावा फेटाळला नव्हता. तळे नगरपालिकेचे आहे हे खालच्या कोर्टात ठरले होते. शिल्लक होता वहिवाटीचा मुद्दा. वहिवाटीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध करावे लागते. वादींना ते सिद्ध करता आले नाही. निकाल लागला तो या मुद्द्यावर.

याचा अर्थ काय होतो? पुरावा भक्कम असता तर? शंभर वर्षांचे कागद त्यांनी आणले असते तर तोच सचोटीचा न्यायाधीश, त्याच कायद्याने, बाबासाहेबांच्या विरुद्ध निकाल देऊ शकला असता. म्हणजे १९३७ सालीही आपण रामशास्त्र्यांच्याच पेचात होतो. न्यायाधीश भला होता, पण जुना अन्याय जितका जुना तितका कायदेशीर, हा नियम जिवंत होता.

हा पेच सोडवायला निकाल पुरा पडणार नव्हता. कायदाच बदलावा लागणार होता. आता संविधान उघडा. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश केला आहे आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल ते सगळे रद्द ठरवले आहे. वैद्यांच्या दाव्याची मुळीच इथे तुटतात. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि अनुच्छेद १५ चे दुसरे कलम वाचा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही नावे एकेक करून लिहिली आहेत. देशाच्या मूलभूत कायद्यात तलावाचे नाव कशाला हवे, असे एखाद्याला वाटेल. ज्याने नऊ वर्षे एका तळ्याचा दावा लढवला त्याला वाटणार नाही.

देवणीपर्यंत निकाल कधी पोहोचला?

आपण मराठवाड्यातले लोक. इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्या शेजारच्या उदगीरला १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, हे आपल्याला अभिमानाने शिकवले जाते. पण पेशवा जिंकला काय आणि निजाम जिंकला काय, महारवाड्याच्या पाणवठ्यात काही फरक पडला नाही.

देवणीचा हा मुलूख उदगीर तालुक्यात, बिदर जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई उच्च न्यायालयाची सत्ता इथे चालत नव्हती. याचा पुरावा खुद्द प्रतिवादीच्या आयुष्यात आहे. १९३४ मध्ये, म्हणजे ठाण्याचा निकाल लागून गेल्यावर आणि उच्च न्यायालयात अपील चालू असताना, बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी तिथल्या हौदाचे पाणी घेतले. हौद बाटवला म्हणून गोंधळ उठला. रमजानचा महिना होता, आणि ओरडणारे हिंदू नव्हते, मुसलमान होते. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत सशस्त्र शिपाई देऊन, त्यांना आत सोडले. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये स्वतः लिहिला आहे. महाडचे पाणी जिंकत आलेल्या माणसाला मराठवाड्यात पाणी नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले, तेव्हा कुठे कायद्याने देवणीचा हौद आणि महाडचे तळे एक झाले. प्रत्यक्षात एक व्हायला किती वर्षे लागली, हे आपल्या आजोबा-आज्यांना विचारा. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा का करावे लागले, याचे उत्तर तिथेच मिळेल.

आता आपले काम

‘रामशास्त्री’ जपणाऱ्यांवर रागावून आपला काहीही फायदा नाही. त्यांच्याकडून शिकावे. त्यांनी चार पानी पुस्तिका प्लास्टिकमध्ये घालून, ऊन-ओल टाळून, वर्ष आणि थिएटरचे नाव लिहून ठेवली. आपल्या घरात काय होते? नामांतराच्या लढ्यातले कागद पावसाळ्यात पोटमाळ्यावर भिजतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात.

१९७८ मध्ये मराठवाड्यात घरे जळाली. पोचिराम कांबळे यांच्यासारख्या माणसांना जीव गमवावा लागला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत लातूर-नांदेडच्या कोर्टांत किती खटले चालले असतील! त्यांची कथा कोण सांगणार? कोर्टातली जुनी कागदपत्रे ठराविक मुदतीनंतर नियमानुसार नष्ट केली जातात. मग उरते ती फक्त घराघरातली प्रत.

म्हणून तीन कामे सांगतो. एक, आपल्या गावातल्या पाणवठ्याच्या, बहिष्काराच्या, अत्याचाराच्या, नामांतराच्या प्रत्येक खटल्याच्या निकालाची नक्कल मिळवा. फिर्याद, दोषारोपपत्र, समन्स, जामिनाचा कागद, काहीही टाकून देऊ नका. मोबाईलवर फोटो काढून तीन ठिकाणी ठेवा आणि प्रत्येकावर तारीख लिहा. दोन, त्या खटल्यात साक्ष दिलेली वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांची साक्ष एकदा कोर्टाने घेतली होती. आता त्यांच्या परवानगीने तुम्ही रेकॉर्ड करा. तीन, महाडच्या दाव्याची कागदपत्रे शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या १७व्या खंडात छापली आहेत. येत्या २० मार्चला नुसते भाषण ठेवू नका. विहारात तो दावा उभा करा. एकाने वादीचे म्हणणे वाचावे, एकाने प्रतिवादीचे, एकाने निकाल वाचावा आणि शेवटी सर्वांनी मिळून अनुच्छेद १३, १५ आणि १७ वाचावेत. चित्रपट काढायला कोट्यवधी रुपये लागतात. त्याची पटकथा लिहायला जे कागद लागतात ते मात्र आज आपल्याच हातात आहेत.

एका पेशव्याला दोषी ठरवणाऱ्या न्यायाधीशाला महाराष्ट्राने १९४४ सालीच पडद्यावर आणले. अन्यायाच्या वहिवाटीलाच दोषी ठरवून संविधानात कायमची शिक्षा लिहिणाऱ्या प्रतिवादीचा कोर्टपट अजून यायचा आहे. तो यावा असे वाटत असेल, तर आधी पोटमाळ्यावरची ट्रंक उघडा.

जय भीम!